चेडवर्थचा रोमन वाडा आणि त्याचे कामकरी



इंग्लंडच्या पश्चिम भागात ग्लॉस्टरशर नावाचा परगणा आहे. त्यात कॉल्न नदीच्या खोऱ्यालगत, चेडवर्थ येथे, गर्द झाडीच्या कुशीत एका जुन्या घराच्या भिंतींची जोती उघडी पडलेली आहेत. या घराच्या भोजनगृहातील फरशीवर रंगीत दगडी खड्यांची चार ऋतुचित्रे होती. शरद ऋतूचे चित्र जवळजवळ नाहीसे झाले. वसंत आणि उन्हाळा शिल्लक आहेत. पण सर्वांत नजर खिळते ती हिवाळ्यावर. अंगात बंडी, पायांना पट्ट्या, खांद्यावरून खाली आलेला टोपीचा लोकरी झगा, एका हातात मारलेला ससा आणि दुसऱ्या हातात पाने झडलेली फांदी, असा हा हिवाळा आहे. आपल्याकडचा धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो ना, थेट तीच तऱ्हा. वसंत व्याख्यानमालेत येऊन मी हिवाळ्यावर बोलतो आहे, याबद्दल संयोजकांनी राग मानू नये.

हा हिवाळा आणि त्याच्या अंगावरचा झगा आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. त्याच्याकडे मला परत यावे लागणार आहे, कारण त्या झग्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे.

प्रथम घराविषयी. इसवी सन ४३ मध्ये क्लॉडियस बादशहाच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे त्या बेटाचा मोठा भाग रोमच्या ताब्यात राहिला. हेच ते साम्राज्य, ज्याच्या व्यापाराबरोबर आलेली समुद्रदेवाची काशाची लहानशी मूर्ती आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली. ब्रिटनमधील शहरांबाहेर, शेतजमिनीच्या मधोमध, सधन जमीनदारांनी रोमन धर्तीची घरे बांधली. लॅटिनमध्ये अशा घराला व्हिला म्हणत. आज बिल्डर लोक दोन खोल्या आणि एक तुळशीवृंदावन यालाही व्हिला म्हणून विकतात, तो अर्थ मनातून काढून टाकावा. मूळ व्हिला म्हणजे शेतीचे ठाणे, मालकाचे घर आणि त्याभोवतीचा सगळा बारदाना. तेथे राहणारे बहुतेक रोमहून आलेले नव्हते. ते तेथलेच ब्रिटन लोक होते. जेत्यांची भाषा, जेत्यांचा पोशाख आणि जेत्यांचे स्नानगृह त्यांनी उचलले होते. ही गोष्ट आपल्याला विशेष समजावून सांगायला नको.

चेडवर्थचा वाडा दुसऱ्या शतकात साध्या स्वरूपात उभा राहिला आणि चौथ्या शतकात तो भरभराटीला आला. अंगणाभोवती तीन बाजूंनी खोल्यांच्या रांगा, वर दगडी कौले, भिंतींना रंगीत गिलावा. स्नानगृहे दोन : एक वाफेचे आणि एक कोरड्या उष्णतेचे. वायव्य कोपऱ्यात जिवंत झरा आहे. त्याचे पाणी अष्टकोनी कुंडात घेऊन घरभर खेळविलेले होते. त्या कुंडाच्या काठच्या दगडांवर ख्रिस्ताच्या नावाची दोन ग्रीक अक्षरे कोरलेली सापडली. म्हणजे झऱ्याच्या देवतेच्या जागी पुढे नवा धर्म आला. तो किती टिकला, हा वाडा नसून यात्रेचे ठिकाण होते काय, असे वादही पंडितांनी घातले आहेत. त्यांत आज शिरत नाही. तेथून दक्षिणेला सुमारे १३ किलोमीटरवर सायरेनसेस्टर आहे. रोमन काळी त्याला कोरिनियम म्हणत आणि ब्रिटनमधील मोठ्या नगरांत त्याची गणना होई. फरशीकाम करणाऱ्या कारागिरांचे पेठेसारखे ठाणे तेथे असावे, असे अभ्यासकांना वाटते, कारण आसपासच्या कित्येक वाड्यांतल्या फरश्यांची वळणे एकमेकींशी जुळतात.

हे सारे जमिनीखाली गाडलेले होते. १८६४ मध्ये जमीनदाराच्या शिकारखात्यातील एका रखवालदाराला येथे खड्यांचे तुकडे मिळाले. सशामागे बिळात गेलेले फेरेट नावाचे जनावर बाहेर काढण्यासाठी तो खणत होता, असे सांगतात. जमीन एल्डनच्या अर्लची. त्याचे नातलग जेम्स फॅरर यांनी उत्खनन हाती घेतले, मजूर लावले आणि थोड्याच काळात माती उपसली. पैसा अर्लने दिला, फरश्यांवर छपरे घातली, वस्तुसंग्रहालय बांधले. ही त्याची चांगली बाजू. परंतु रोमन अंगणाच्या ऐन मध्यावर शिकारीसाठी टुमदार घर बांधून ठेवले, ते आजही तेथे आहे. जुन्या श्रीमंताच्या अंगणात नव्या श्रीमंताने खुर्ची टाकली! उत्खननाच्या नोंदी मात्र तुटपुंज्या राहिल्या. कोणत्या थरात काय होते, राख कोठे होती, हाडे कोठे होती, हे त्या घाईत कोणी फारसे टिपले नाही. देखणे होते ते ठेवले गेले. चुलीजवळची, भट्टीजवळची, गोठ्याजवळची माती ही ज्यांची बखर, त्यांची बखर फावड्याने उचलून बाहेर टाकली गेली. १९२४ मध्ये ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली आणि तेव्हापासून तिची निगा नीट राखली जाते.

आता त्या भट्टीकडेच जाऊ. रोमन घरांत जमीन तापवण्याची एक युक्ती होती. खोलीच्या खाली हात-दीड हात उंचीचे दगडांचे किंवा विटांचे आखूड खुंट ओळीने उभे करीत. त्यांवर मोठ्या लाद्या, लाद्यांवर चुन्याचा जाड थर आणि त्यावर फरशी. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने भट्टीचे तोंड असे. तेथे लाकूड जाळले की ऊन हवा आणि धूर खुंटांमधून फिरून भिंतीत बसविलेल्या पोकळ विटांच्या नळ्यांतून वर जाई. आत बसलेल्या पाहुण्यांच्या तळपायांना ऊब लागे, धुराचा वासही येत नसे. चेडवर्थला हे खुंट आजही उघडे दिसतात आणि बघणारे त्या युक्तीचे कौतुक करतात.

मी यंत्रमाग कामगारांत आणि कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत तीस वर्षे संघटनेचे काम केले आहे. बॉयलरपुढे उभे राहणारे आगवाले माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. म्हणून माझे लक्ष त्या भट्टीच्या तोंडाकडे जाते. ते घराच्या बाहेर आहे. म्हणजे ज्याने आग राखायची, तो ऊब असलेल्या खोलीत कधी नसे. चुन्याची जाड जमीन तापायला पुष्कळ वेळ लागतो आणि एकदा तापली की ती निवू देणे परवडत नाही. तेव्हा रात्रीची पाळी आलीच. जंगलातून लाकूड तोडणे, ओढणे, फोडणे, वाळवणे, राख काढणे, काजळी खरवडणे, ही सगळी माणसांची कामे. दोन स्नानगृहे आणि तापविलेल्या खोल्या असलेल्या वाड्यात ती किती असतील, याचा अंदाज कोणत्याही बॉयलरवाल्याला विचारावा. या घराविषयीच्या पुस्तकांत ऊब मिळते ती खोलीच्या आतून लिहिलेली असते.

कापडाचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. चेडवर्थच्या उत्तर बाजूच्या हौदांकडे बघून जुन्या पिढीतील संशोधकांनी असे ठरविले होते की, येथे लोकरी कापड तुडवून दाट करण्याचा कारखाना होता. पुस्तकांतून ही गोष्ट बरीच वर्षे चालली. जवळच्या टेकड्यांवर मेंढ्या, खाली झरा, मग कारखाना का नसावा? पण १९५८ पासून इयन रिचमंड यांनी तेथे पुन्हा काळजीपूर्वक खणून पाहिले आणि ते हौद स्नानगृहाचेच असल्याचे दाखवून दिले. आमच्यासारख्या कापडवाल्यांचा चेडवर्थवरचा हक्क असा गेला! पण लोकर गेली नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तयार झालेली रोमन अधिकारपदांची एक यादी उपलब्ध आहे. तीत ब्रिटनमधील व्हेंटा नावाच्या गावी असलेल्या सरकारी विणकामशाळेच्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. व्हेंटा नावाची गावे एकाहून अधिक होती, त्यामुळे ते नेमके कोणते याबद्दल एकमत नाही. सरकारी माग होते आणि त्यांवर माणसे बसत होती, एवढे नक्की. अशा विणकरांना आपला धंदा सोडून जाण्याची मुभा त्या काळच्या कायद्याने ठेवली नव्हती.

आता हिवाळ्याचा झगा. इसवी सन ३०१ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने एक जाहीरनामा काढला. महागाई बेसुमार झाली होती, नाण्यांतली चांदी पार आटली होती. तेव्हा शेकडो वस्तूंच्या आणि कामांच्या कमाल दरांची यादी करून ती दगडांवर कोरून चौकाचौकांत लावली. दर मोडणाऱ्याला देहान्त शासन. या दगडांचे तुकडे साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत सापडले आहेत. ब्रिटनमध्ये एकही नाही, तेव्हा हे आकडे ब्रिटनच्या बाजारातले म्हणून घेता येणार नाहीत. परंतु आकड्यांचे आपापसांतले प्रमाण बोलके आहे, आणि यादीत खुद्द ब्रिटनचा माल आहे. ब्रिटनचा टोपीचा लोकरी झगा, म्हणजे हिवाळ्याच्या अंगावर आहे असे अभ्यासक मानतात तो, त्याचा कमाल दर ६००० दिनार.

आणि मजुरी? शेतमजूर, जेवणासह, रोजी २५ दिनार. गटार साफ करणारा, २५. गवंडी, सुतार, चुना भाजणारा, ५०. साधी खड्यांची फरशी बसवणारा ५०, त्याच कलेतला वरच्या दर्जाचा कारागीर ६०. भिंत रंगवणारा ७५ आणि माणसांची चित्रे काढणारा १५०.

पगारपत्रक वाचण्याची सवय असलेल्या माणसाला येथे भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. शेतमजुराने एक दिनारही खर्च न करता, रोज काम मिळाले असे धरून, २४० दिवस राबले, तर त्याला तो झगा घेता आला असता. फरशीवाल्याला १२०. शेतावर घालायच्या बुटांचा जोड, तळाचे खिळे सोडून, १२० दिनार. तो तेवढा पाच दिवसांत निघे. म्हणजे पायांतले पाच दिवसांचे आणि अंगावरचे आठ महिन्यांचे. भोजनगृहाच्या फरशीवर तो झगा चितारणारा कारागीर गुडघ्यांवर बसून, पांढरा चुनखडी दगड, निळसर करडा दगड, आणि लाल रंगासाठी कौलांचे तुकडे, असे बोटाच्या पेराएवढे खडे ओल्या चुन्यात दाबत गेला. त्याच्या स्वतःच्या अंगावर काय होते, ते कोणी चितारले नाही.

त्या जाहीरनाम्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण किमान वेतनासाठी भांडतो. बादशहाने ठरवून दिले ते कमाल वेतन. यापेक्षा जास्त मागाल तर मान जाईल! लॅक्टॅन्शियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की, भीतीमुळे बाजारातून मालच नाहीसा झाला, रक्तपात झाला आणि शेवटी कायदा मागे घ्यावा लागला. हा लेखक डायोक्लेशियनचा कट्टर वैरी होता, तेव्हा त्याचे म्हणणे चिमूटभर कमी करून घ्यावे. मला ते एरव्ही खरे वाटते. पुढे ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालये, शहरांतले लोक आणि कारागीर यांना विश्रांतीचा हुकूम काढला. त्यात शेतावर काम करणाऱ्यांना वगळले, कारण हंगाम देवाने दिलेला असतो, तो चुकवू नये. शेतमजुराला सवलतीतून वगळण्याची रीत किती जुनी आहे, हे यावरून दिसेल. त्याच बादशहाने ३३२ मध्ये असेही फर्मावले की, जमिनीला बांधलेल्या कुळांपैकी कोणी पळून जाण्याच्या बेतात असेल तर त्याला गुलामासारख्या बेड्या घालाव्यात.

बेड्या हा येथे अलंकार नाही. रटलंड परगण्यात ग्रेट कॅस्टरटन या गावी २०१५ मध्ये एका घराचे बांधकाम चालू असताना मजुरांना एक सांगाडा लागला. आधी पोलिसांना बोलावले गेले. तपासाअंती तो इसवी सन २२६ ते ४२७ या दरम्यानचा ठरला. पुरुष, वय २६ ते ३५. दोन्ही घोट्यांत लोखंडी बेड्या आणि त्यांना कुलूप. सुमारे ६० मीटरवर त्या काळची रीतसर दफनभूमी असताना याला एका चरात, जेमतेम मावेल असे टाकलेले होते. हा कोणाचा गुलाम होता, की कैदी, हे हाडे सांगत नाहीत. २०२१ मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही जपून बोलतो. मेल्यावरही कुलूप काढले नाही, एवढे कुलूपच सांगते.

आणि लंडनच्या मातीतून निघालेली एक लाकडी पाटी. मेण लावून तीवर लिहीत असत. मेण गेले, पण लेखणीचे ओरखडे लाकडावर उरले आणि विद्वानांनी ते वाचले. ते एक खरेदीखत आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या सुमाराचे. गॉल देशातील फॉर्च्युनाटा नावाची एक मुलगी, प्रकृतीने निरोगी, पळून जाण्याची सवय नसलेली, ६०० दिनारांना विकली. हे दिनार डायोक्लेशियनच्या काळचे पोकळ दिनार नव्हेत, जुने चांदीचे. सैनिकाच्या सुमारे दोन वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम. फॉर्च्युनाटा म्हणजे भाग्यवती. विकत घेणाऱ्याचे नाव व्हेजेटस. तो मॉन्टॅनसचा गुलाम. आणि हा मॉन्टॅनस स्वतः बादशहाचा गुलाम! गुलामाचा गुलाम गुलाम विकत घेतो आहे. आमच्या चळवळीत कंत्राटदाराच्या खाली उपकंत्राटदार आणि त्याच्या खाली मुकादम असतो, तेव्हा मालक कोण हे शोधता शोधता वर्ष जाते. मला ही पाटी वाचताना त्याची आठवण झाली, पण तुलना ताणत नाही. आमच्या माणसाला संध्याकाळी घरी जाता येते.

चेडवर्थमध्ये गुलाम किती, कुळे किती, रोजंदारीचे किती, याचा हिशोब देणारा एकही लेख मिळालेला नाही. मी वर सांगितले ती सारी साक्ष इतर ठिकाणची आहे. एक साक्ष मात्र अशी आहे की ती वाचून मन प्रसन्न होते. लंडनमध्येच सापडलेल्या एका विटेवर, ती कच्ची असताना, कोणी बोटाने किंवा काटकीने लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे, की ऑस्टॅलिस हा गेले तेरा दिवस रोज आपल्या मर्जीने भटकतो आहे. वीटभट्टीवरच्या सोबत्याने थट्टेने लिहिले की मुकादमाने चिडून, कळत नाही. तेरा दिवसांचा खाडा भट्टीत भाजून पक्का झाला! रोमन ब्रिटनमधील किती सुभेदारांची नावे काळाने पुसून टाकली, आणि कामावर न गेलेला ऑस्टॅलिस राहिला.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या मते या वाड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. इसवी सन ४१० च्या आसपास रोमची सत्ता ब्रिटनवरून उठली. नवी नाणी येईनाशी झाली, मोठ्या प्रमाणावर मडकी करणारे कारखाने बंद पडले, नगरे ओस पडत गेली. इतिहासाच्या पुस्तकांत येथे पडदा पडतो : सैन्य गेले, अंधार झाला. वाड्यांचे मालक पळाले किंवा पडक्या खोल्यांत शेतकऱ्यांसारखे राहू लागले, असे धरले जाई.

२०१७ च्या सुमारास मार्टिन पॅपवर्थ यांच्या देखरेखीखाली चेडवर्थच्या उत्तरेकडील खोल्या पुन्हा तपासल्या गेल्या. अठ्ठावीस क्रमांकाच्या खोलीत खड्यांची एक फरशी आहे. तिच्या कडेने वर्तुळांची रांग आहे, एका वर्तुळात फूल, पुढच्यात गाठ, पुन्हा फूल. ही खोली पाडण्यासाठी मध्ये एक नवी भिंत घातलेली होती आणि फरशीची नक्षी त्या भिंतीशी मापात बसते, म्हणजे भिंत आधी आणि फरशी नंतर. त्या भिंतीच्या पायाच्या चरात कोळसा आणि हाडांचे तुकडे दबलेले होते. किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने त्यांचे वय काढले, तेव्हा ते ४२४ च्या अलीकडचे निघाले. निकाल २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाला. म्हणजे सैन्य गेल्यावर निदान चौदा-पंधरा वर्षांनी, कदाचित त्याहून पुष्कळ उशिरा, कोणीतरी एक भिंत घातली, एक खोली काढली आणि तीत नवी नक्षीदार फरशी बसवून घेतली. ज्या काळात ही कला ब्रिटनमधून संपली असे समजत, त्या काळातली ही फरशी आहे.

तिचे काम चौथ्या शतकातल्या कामाइतके सफाईचे नाही. तीत चुकाही आहेत. कसब ओसरत चालल्याचे ते लक्षण आहे, असे तज्ज्ञ म्हणतात, आणि ते बरोबर असेल. मी त्यात एक भर घालतो. मागावर बसणाऱ्याचा माग वर्ष-दोन वर्षे बंद राहिला की परत बसल्यावर त्याचे सूत पहिल्या महिन्यात वरचेवर तुटते. हात विसरत नाहीत, पण अडखळतात. जेथे पूर्वी दर हंगामाला एखादी फरशी मिळे, तेथे आता कित्येक वर्षांत एखादी मिळू लागली, तर त्या कारागिराने मुलाला धंदा कशावर शिकवावा? ओल्या चुन्यावर शिकायचे काम आहे हे, ते तोंडी शिकवता येत नाही. मग असेही म्हणता येईल की, त्या चुका या धंदा मेल्याच्या नसून तो तग धरून असल्याच्या खुणा आहेत. बादशहा गेला, त्याचे नाणे गेले, त्याचे कमाल दर तर केव्हाच गेले. मजुरी बहुधा धान्यात दिली असेल. पण चुना भाजणारा होता, खडे फोडणारा होता, वर्तुळ आखणारा होता आणि त्याला फूल, गाठ, फूल, गाठ हा क्रम पाठ होता.

तज्ज्ञांनी या फरशीची छायाचित्रे घेतली, मापे घेतली आणि ऊन-पावसाने व हिवाने ती उखडू नये म्हणून तिच्यावर पुन्हा माती लोटली. १८६० नंतरच्या घाईत खणणाऱ्यांनी जी माती पारखली नव्हती, त्यातच त्या भिंतीखालचा कोळसा दीडशे वर्षे जागच्या जागी राहिला होता. भोजनगृहातला हिवाळा छपराखाली आहे, तो कोणालाही पाहता येतो. अठ्ठाविसाव्या खोलीतले काम सध्या जमिनीखाली आहे.